हुकलेली चक्कर

त्या विभागात एकच पलंग होता आणि तो उभा राहायचा. माणसाला त्यावर आडवं झोपवायचं, छातीवरून आणि गुडघ्यांवरून पट्टे बांधायचे आणि बटण दाबायचं. मग पलंग माणसासकट हळूहळू वर यायचा, भिंतीला टेकवलेल्या शिडीइतका. तसंच पंचेचाळीस मिनिटं राहायचं. उभ्या उभ्या चक्कर येऊन पडण्याचा ज्यांना आजार असतो त्यांना बहुतेक वेळा त्यावर चक्कर येते, आणि त्या क्षणी हृदय आणि रक्तदाब काय गोंधळ घालतात ते कागदावर उमटतं. एरवी हा आजार भारी लबाड. डॉक्टरांसमोर माणूस ठणठणीत, आणि दवाखान्याची पायरी उतरला की भुईसपाट. त्याला रंगेहाथ पकडायची ही एवढीच जागा.

हा पलंग चालवायचं काम रेडिओकाकांचं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. ‘रेडिओ’ हे नाव विभागातल्या सिस्टरने ठेवलं, कारण एकदा लागला की बंद होत नाही आणि मधूनमधून बातम्याही देतो. काकांना त्याचा राग नव्हता, उलट जरा कौतुकच वाटे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना बोलका माणूस म्हणत होतं.

कारण घरी हा रेडिओ कधी वाजलाच नव्हता. बायको होती तोवर बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. सकाळी डोळा उघडला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, आणि ‘हूं’, ‘बरं’, ‘बघू’ या तीन शब्दांवर काकांनी तीस वर्षांचा संसार निभावून नेला. तिला वाटायचं नवरा मुखदुर्बळ आहे. काकांना वाटायचं, मधे शिरायला फट मिळाली तर बोलू. ती फट मिळाली ती पाच वर्षांपूर्वी, ती गेली तेव्हा, आणि तेव्हा समोर कुणी नव्हतं. संध्याकाळी सहाला कुलूप उघडून ते घरात शिरत आणि सकाळी आठला कुलूप लावून निघत, तेवढ्यात चकार शब्द तोंडातून निघत नसे. लेक दूरच्या शहरात होती. रविवारी फोन करायची. ‘बाबा, जेवलात ना? गोळ्या घेतल्यात ना? बरं, ठेवते हं.’ तिचं काही चुकत नव्हतं. सोमवारी सकाळी लिफ्टवाल्याला ‘चौथा’ म्हणताना काकांचा घसा खरखरायचा आणि एकदा खाकरून घ्यावं लागायचं.

मग चार वर्षांपूर्वी त्यांची बदली एक्स-रेच्या खोलीतून या पलंगावर झाली, आणि इथे पंचेचाळीस मिनिटं पट्ट्यांनी बांधलेला, कुठेही जाऊ न शकणारा श्रोता आयता मिळाला. तोही तरुण. इथे येणारी बहुतेक पोरं पंधरा ते पंचवीस वर्षांची. कुणी शाळेच्या रांगेत पडलेलं, कुणी न्हाणीघरात, कुणाला जोडीला अर्धशिशीचा त्रास, डोकं धरून अंधारात पडून राहायचं. सगळी घाबरलेली. काका त्यांना विचारत, कुठून आलात, बसला गर्दी होती का, घरात जास्त कडक कोण. मग एक्स-रेच्या दिवसांतल्या गोष्टी सांगत. बायकोने कपाट उघडू नये म्हणून किल्ली गिळणारा एक नवरा होता, त्याची गोष्ट तर हमखास. पोरं हसत, आणि पंचेचाळीस मिनिटं कधी गेली ते कुणालाच कळत नसे.

बहुतेकांना चक्कर येत नसे. पलंग खाली आला की काका स्वतः बाहेर जाऊन बाकावरच्या आईबापांना सांगत, “एकदम ठणठणीत आहे हो, काही निघालं नाही.” रिपोर्ट सांगणं हे त्यांचं काम नव्हतं, पण आनंदाची बातमी द्यायला परवानगी कशाला लागते? आपल्या हाताला गुण आहे, असं त्यांना मनापासून वाटे.

पावणेदोन महिन्यांपूर्वी विभागात नव्या डॉक्टरबाई आल्या. वयाने काकांच्या लेकीएवढ्या, बोलणं मोजकं. तरुणांच्या रक्तवाहिन्या हा त्यांचा अभ्यासाचा विषय, म्हणून त्यांनी जुनी नोंदवही घरी नेली आणि एका सोमवारी दुपारी काकांना बोलावून घेतलं.

“काका, बसा. गेल्या चार वर्षांत तुम्ही एकूण तेवीस दिवस रजेवर होतात, बरोबर?”

“असेन. का हो?”

“त्या दिवसांत दुसऱ्या टेक्निशियनने चाचण्या केल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना पलंगावर चक्कर आली. तुमच्या हातून झालेल्या चाचण्यांत मात्र दहात एकालाही नाही.”

काकांची छाती फुगलीच. “अहो, मी धीर देतो ना त्यांना.”

“कसा?”

“बोलतो. हसवतो. पोरं पार गळपटलेली असतात.”

“पूर्ण वेळ बोलता?”

“पूर्ण वेळ,” काका म्हणाले. एवढ्या अभिमानाने ते बायकोच्या आईवडिलांसमोरही कधी बोलले नव्हते.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर उभा माणूस काढला आणि पायांकडे बाण काढले. “आपण उभे राहिलो की रक्त पायांत उतरतं. मग रक्तवाहिन्या आवळतात आणि ते वर ढकलतात. या मुलांच्याही आवळतात, पण थोडा वेळ. मग एकदम सैल पडतात, डोक्याला रक्त पोचत नाही आणि मूल कोसळतं. पण माणूस बोलत असला, हसत असला, मन लावून काही ऐकत असला, तर शरीर जागं राहतं. पोटऱ्या हलतात, श्वास बदलतो. ते सैल पडणं लांबत जातं. तुम्ही त्यांना इथे पडू देत नाही, काका. मग ती घरी जाऊन पडतात. आणि आपण त्यांच्या कागदावर लिहितो की काही दोष नाही.”

“पण मी वाईट हेतूने…”

“ते मला माहीत आहे. पण या चाचणीत माणसाला एकटं सोडावं लागतं. तुम्ही शेजारी उभे असलात तरी.”

काका उठले, पुन्हा बसले. नोंदवहीची पानं त्यांच्याकडे वळवलेली होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांचीच सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर एक मुलगी बसली होती. वय एकोणीस. हनुवटीवर ताजे टाके, पुढचा एक दात अर्धा. शेजारी तिचे वडील. काकांनी दोघांनाही ओळखलं. आठ महिन्यांपूर्वी हीच पोरगी किल्लीवाल्या नवऱ्याच्या गोष्टीवर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. आणि याच माणसाला त्यांनी बाहेर येऊन सांगितलं होतं, लेक ठणठणीत आहे म्हणून. वडील मालट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होते. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव. मशीनने काही नाही म्हटलं, म्हणजे काही नाही. संपला विषय.

आत आल्यावर पहिली तपासणी दंडाची. कोपराखाली पट्टा बांधून त्यात हवा भरायची, पाच मिनिटं हाताचं रक्त अडवायचं, मग एकदम सोडायचं, आणि दंडातली रक्तवाहिनी किती फुलते ते पडद्यावर मोजायचं. काका पट्टा बांधत होते तेव्हा मुलगीच बोलायला लागली.

“काका, खरं सांगू? बाहेर बसले होते तेव्हा मनात म्हणत होते, आज तुम्ही रजेवर असावेत.”

काकांनी मान वर केली नाही. “का गं?”

“मागच्या वेळी मला दोन-तीनदा येत होतं. कान बधिर व्हायला लागायचे, समोर काळं यायचं. नेमकं तेव्हा तुम्ही काहीतरी विचारायचात आणि ते परतायचं. मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझ्याशी एवढं कुणी बोलत नाही ना. मैत्रिणी बरोबर चालत नाहीत, मी जिन्यात पडले तर त्यांना धरून पडेन म्हणून. सुट्टीत घरी गेले की सगळे म्हणतात, नाटक पुरे. डोकं दुखायला लागलं की मी पडदे ओढून झोपते, तर आई येऊन पडदे उघडते. तुमची गोष्ट अर्ध्यात आली होती आणि मला शेवट ऐकायचा होता.” मग तिने हनुवटीला हात लावला. “हे कॉलेजच्या जिन्यात झालं. बाबा म्हणालेत, शेवटची चाचणी. आज काही निघालं नाही तर कॉलेज बंद, घरी बसायचं. नाटकं करणाऱ्या मुलीला बाहेरगावी ठेवून शिकवणार नाहीत. काका, आज मला पडू द्या.”

काकांनी हवा भरली आणि पाच मिनिटं पडद्यावरच्या त्या काळ्या नळीकडे बघत राहिले. हवा सोडली तशी नळी फुलली, चांगली ऐसपैस फुलली. डॉक्टरबाईंनी आत येऊन आकडा बघितला आणि मान हलवली. मुलीला म्हणाल्या, “रक्तवाहिनी छान आहे तुझी. सैल पडायला जरा जास्तच तयार आहे, एवढंच.” मुलीने ते शब्द पुटपुटून पाठ करून घेतले, घरी सांगायला.

मग पलंग. पट्टे, छातीवरच्या चकत्या, बोटाला चिमटा. डॉक्टरबाई काचेच्या पलीकडे बसल्या. काका पलंगापाशी, बटणाजवळ, हात लांब केला तर तिच्या खांद्याला लागेल एवढ्यावर. पलंग उभा झाला आणि खोलीत मशीनची टिकटिक तेवढी राहिली.

पहिली दहा मिनिटं काकांना सगळ्यात जड गेली. त्यांना वाटलं होतं, तोंड मिटायचं एवढंच तर आहे. घरी रोज मिटलेलं असतंच. पण घरी समोर भिंत असते, आणि भिंत माणसाकडे बघून हसत नाही. पोरगी एकदा ओठ न उघडता हसली, सवयीने त्यांच्याकडून काहीतरी येईल म्हणून. काकांनी नजर पडद्याकडे वळवली. त्यांच्या जिभेवर चार वाक्यं येऊन बसली होती, ती त्यांनी एकेक करून गिळली. मग तीही समजली आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागली.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. तिने एकदा नाक खाजवायला हात उचलला, पट्टा लागला, हात खाली घेतला. बांधलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका वेळ नुसतं बघत राहायची काकांची ही पहिलीच वेळ. चार वर्षं ते बोलत होते, त्यामुळे पोरं कशी दिसतात ते त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. एकटं माणूस दिसतं तशी दिसतात. कुठे बघावं ते त्यांना कळत नाही.

सव्विसाव्या मिनिटाला तिने जांभई दिली. मग लगेच दुसरी. वरच्या ओठावर घाम आला. पडद्यावरचा दाबाचा आकडा एक पायरी उतरला आणि थांबला. काकांना ही जागा चांगली ठाऊक होती. अशाच वेळी ते ‘बरं, मला सांग’ म्हणून सुरुवात करत आणि आकडा पुन्हा वर चढे. आजवर त्यांना वाटायचं, तो आपोआप चढतो.

“काका,” ती म्हणाली. “येतंय.”

काकांनी काचेकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी अगदी थोडी मान हलवली. नको.

तिचा चेहरा कागदासारखा झाला. डोळे उघडे होते, पण त्यांना आता दिसत नव्हतं, हे काकांना कळत होतं, कारण ती त्यांच्या दोन हात बाजूला बघून बोलत होती. “काका? काका, आहात ना?”

एक शब्द पुरला असता. ‘आहे’ म्हटलं असतं तर आकडा सावरला असता, पोरगी सावरली असती, आणि तिचं कॉलेज संपलं असतं. काकांनी खालचा ओठ दातांत धरला. बायको शेवटच्या दिवशी दवाखान्यात दोनदा काहीतरी बोलली होती आणि त्यांना नेमकं तेव्हाच काही सुचलं नव्हतं. तेव्हा बोलायला हवं होतं आणि ते गप्प होते. आज गप्प राहायला हवं होतं आणि सगळा जीव ओठांवर आला होता. त्यांनी ब्र काढला नाही.

दाब ढासळला. पाठोपाठ हृदयाच्या आलेखाची उभी टोकं विरळ झाली, आणि एका जागी थांबलीच. सपाट रेघ. तिची मान पट्ट्यावर लुळी पडली. काकांनी बटण दाबलं, पलंग खाली यायला लागला, आणि तो येईपर्यंतची सात सेकंदं त्यांनी कधी जन्मात मोजली नसतील अशी मोजली. मग एक टोक उमटलं, दुसरं उमटलं, धडधडत रांग सुरू झाली.

“आहे,” काका म्हणाले. आता परवानगी होती. “आहे मी इथे. आहे गं.”

मुलीने डोळे उघडले. जरा वेळ तिला जागा कळली नाही. मग म्हणाली, “आली?”

“आली.”

ती अर्ध्या दाताने हसली आणि हसता हसता रडायला लागली.

डॉक्टरबाईंनी वडिलांना आत बोलावून कागद दाखवला. “ही सपाट रेघ दिसते? एवढा वेळ हिचं हृदय थांबलं होतं. सात सेकंद. हे कुणी ठरवून करू शकत नाही. यावर उपाय आहेत. पडायच्या आधी काय करायचं ते आम्ही तिला शिकवू, लागली तर औषधंही देऊ. घाबरू नका, पण हे खरं आहे.”

वडिलांनी रेघेवर बोट ठेवलं आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग विचारलं, “मागच्या वेळी मशीनने का नाही दाखवलं?”

डॉक्टरबाई काहीतरी सावरून सांगणार होत्या. काका मधेच म्हणाले, “मशीन बरोबर होतं. चूक माझी होती. मी तिच्याशी बोलत बसलो.”

“तुम्हीच म्हणाला होतात, ठणठणीत आहे.”

“हो. मीच.”

वडिलांनी त्यांच्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर काकांनी ऐकून घेतल्या असत्या, पण तो माणूस लेकीकडे गेला आणि तिच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसला. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला.

जाताना मुलगी दारात थांबली. “काका, मी हाक मारली तेव्हा तुम्ही ओ दिली नाहीत.”

“ऐकली होती.”

“मला वाटलं, तुम्ही निघून गेलात.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने फक्त सांगून टाकलं आणि ती गेली.

त्या आठवड्यात काकांनी नोंदवही पुन्हा वाचली आणि एक यादी केली. त्यांच्या हातून गेलेली, काही दोष नाही म्हणून घरी पाठवलेली सगळी पोरं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पत्रं पाठवू, चाचणी पुन्हा करायची आहे म्हणून. काका म्हणाले, “ठणठणीत सांगितल्यावर पत्र वाचून कोण येणार? मी तोंडाने सांगितलं होतं, मीच तोंडाने सांगतो.”

“लोक रागावतील, काका.”

“रागावू देत.”

दुपारच्या सुट्टीत विभाग रिकामा झाल्यावर ते फोनपाशी बसले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. यादीतल्या ज्याच्या घरचा फोन पहिल्यांदा लागला तो मुलगा दीड वर्षापूर्वीचा, तेव्हा सतरा वर्षांचा. फोन त्याच्या आईने उचलला.

“मी हॉस्पिटलमधून बोलतोय. तुमच्या मुलाची चाचणी झाली होती इथे, उभ्या पलंगावर.”

“हो हो. तुम्ही तेच ना, आत खूप बोलत होता ते? बाहेरपर्यंत हसणं ऐकू येत होतं. फार बरं केलंत हो तुम्ही.”

“म्हणजे?”

“अहो, आधी आम्ही सारखे त्याच्या मागे असायचो. पडला की पाणी आण, पाय वर कर, वारा घाल. तुम्ही सांगितलंत काही नाही म्हणून, मग यांनी ठरवलं, लक्षच द्यायचं नाही. आता पडला तरी आम्ही कुणी जागचे उठत नाही. आपापला उठतो थोड्या वेळाने आणि जाऊन बसतो खोलीत. आता तर सांगतसुद्धा नाही, पडलो म्हणून.”

काकांच्या हातातला कागद तसाच राहिला. त्यावरचं एकही वाक्य इथे चालणार नव्हतं.

“हॅलो? ऐकू येतंय ना?”

“कुठे आहे तो आत्ता?”

“खोलीतच असेल. का हो?”

“त्याच्याकडे जा,” काका म्हणाले. “आत्ता जा. त्याला सांगा, तू खोटं बोलत नव्हतास. चाचणी माझ्यामुळे चुकली. त्याला घेऊन या, मी पुन्हा करतो. आणि तोवर…” त्यांनी हातातला कागद उलटा ठेवला. “तोवर पडला तर उचला हो त्याला.”

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला, मग पावलं दूर गेली, मग एक दार वाजवल्याचं ऐकू आलं. काका फोन कानाला लावून थांबून राहिले.